सातबाऱ्यावर परदेशी नाव

अल्लीपूरच्या सातबाऱ्यावर एखाद्या थाई बाईचं नाव चढू शकतं का? हिंगणघाट तालुक्यातल्या या गावात असा प्रश्न निघाला, तर पारावरचे बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील आणि त्याची कारणंही देतील. ती परदेशी आहे. ती शेतकरी नाही. तिच्याकडे आधार कार्ड नाही. आणि लग्न कुठे, कसं झालं ते गावात कुणी पाहिलं? यातली पहिली तीन कारणं कायद्यापुढे टिकत नाहीत. चौथं मात्र टिकू शकतं, आणि घराघरांतला घोळ तिथेच होतो.

वर्धा जिल्ह्यातली मुलं-मुली नोकरीसाठी पुण्या-मुंबईच्या पलीकडे जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुबई, सिंगापूर, बँकॉक ही नावं कापूस-सोयाबीनच्या गावांतही नवी राहिलेली नाहीत. परदेशात जोडीदार मिळतो, संसार उभा राहतो, मुलं होतात. गावाकडचं वावर मात्र वडिलांच्या नावावर तसंच असतं. वडील आहेत तोवर कुणी काही विचारत नाही. ते गेले की पटवाऱ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न पडतो की बँकॉकच्या सुनेचं काय, बँकॉकच्या जावयाचं काय.

उत्तर समजायला दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला, वारस कोण? दुसरा, वारसाला ती जमीन स्वतःच्या नावावर ठेवता येते का? जगातल्या बऱ्याच देशांत या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगवेगळे कायदे देतात, आणि एकाचं उत्तर ‘हो’ असताना दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं. थायलंड हे त्याचं ठळक उदाहरण आहे. म्हणून आधी तिकडे जाऊ. अल्लीपूरचा एखादा मुलगा तिकडे परदेशी नवराच असतो, त्यामुळे त्यालाही हे माहीत असायला हवं.

थायलंडच्या दिवाणी संहितेत मृत व्यक्तीच्या वारसांच्या सहा पायऱ्या आहेत: मुलं-नातवंडं, आईवडील, सख्खी भावंडं, सावत्र भावंडं, आजी-आजोबा, आणि शेवटी काका-मामा-आत्या-मावशी. नवरा किंवा बायको या पायऱ्यांच्या बाहेर, पण प्रत्येक पायरीच्या सोबत उभी असते. मुलं असतील तर जोडीदाराला एका मुलाएवढा हिस्सा मिळतो. मुलं नसून आईवडील किंवा सख्खी भावंडं असतील तर निम्मा. त्याहून लांबचे नातलग असतील तर दोन तृतीयांश, आणि कुणीच नसेल तर सगळं. यात नवरा थाई असावा अशी अट कुठेही नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ आहे: मराठी नवरा हा आपल्या थाई बायकोचा कायदेशीर वारस आहे.

दुसऱ्या प्रश्नाशी आल्यावर दार बंद होतं. १९५४ च्या थाई भूमी संहितेप्रमाणे परदेशी माणसाला जमीन सर्वसाधारणपणे आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारेच घेता येते, आणि १९७० नंतर असा एकही करार लागू नाही. त्याच संहितेत वारसाने जमीन आलेल्या परदेशी माणसासाठी एक कलम आहे. मंत्र्यांनी परवानगी दिली तर त्याला जमीन ठेवता येते, तीही राहत्या घरापुरती, कुटुंबामागे १ राय. एक राय म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपल्या हिशेबात १६ आर. पण हे कलम करारांच्या काळातलं. आज त्याच्या भरवशावर कुणी बसत नाही. व्यवहारात वारसाला ती जमीन विकावी लागते. त्यासाठी मिळणारी मुदत १८० दिवसांपेक्षा कमी नसते आणि एका वर्षापेक्षा जास्त नसते. मुदतीत विकली नाही तर जमीन विभागाच्या महासंचालकांना ती विकण्याचा अधिकार आहे. पैसे वारसाचे, जमीन नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी लग्नानंतर जमीन घेताना बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. थायलंडमध्ये लग्नानंतर कमावलेली मालमत्ता नवराबायकोची समाईक मानली जाते. एक जण गेला की आधी समाईक मालमत्तेचे दोन भाग होतात, जिवंत जोडीदार आपला निम्मा भाग काढून घेतो, आणि उरलेल्या निम्म्याचीच वारसांत वाटणी होते. पण थाई बायकोच्या नावावर जमीन घेताना परदेशी नवऱ्याकडून जमीन कार्यालयात एक जबाब लिहून घेतात की हे पैसे तिचे स्वतःचे आहेत, माझा यात काही संबंध नाही. त्या सहीने जमीन समाईक राहत नाही, तिची एकटीची होते. पैसे भले नवऱ्याच्या पगारातून गेलेले असोत, मृत्यूनंतर निम्मा भाग आधी काढून घेण्याचा हक्क त्या कागदाने गेलेला असतो. उरतो तो फक्त वारसाचा हिस्सा, आणि तोही विकण्यापुरता.

म्हणून तिकडे जाणती कुटुंबं जमिनीच्या मालकीमागे लागत नाहीत. घराची इमारत जमिनीपासून वेगळी धरता येते आणि ती परदेशी माणसाच्या नावावर असू शकते. जमिनीवर हयातभर किंवा ३० वर्षांपर्यंत उपभोगाचा हक्क नोंदवता येतो. ३० वर्षांचा भाडेपट्टा करता येतो. इमारतींमधले फ्लॅट १९७९ च्या कायद्याखाली परदेशी माणूस स्वतःच्या नावावर घेऊ शकतो, फक्त एका प्रकल्पातल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपेक्षा जास्त परदेशी मालकी चालत नाही. आणि मुलं? आई थाई असेल तर मूल जन्माने थाई नागरिक असतं, त्यामुळे आईची जमीन मुलाच्या नावावर काहीही अडथळा न येता जाते. घर मुलांच्या नावावर, राहण्याचा हक्क बापाच्या नावावर, ही तिथली रुळलेली वाट आहे.

आता अल्लीपूर. इथे चित्र जवळजवळ उलटं आहे.

आपल्याकडे हिंदू वारसा कायदा १९५६ लागू होतो तेव्हा पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई बरोबरीने येतात. समजा वडिलांनी स्वतः घेतलेली २ हेक्टर ४० आर जमीन आहे. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. प्रत्येकी ८० आर. मुलाने थाई बाईशी लग्न केलं आहे आणि त्यांना दोन मुलं आहेत. पुढे तो मुलगा मृत्युपत्र न करता गेला. त्याच्या ८० आरचे वारस चार: आई, विधवा आणि दोन मुलं. प्रत्येकी २० आर. अल्लीपूरची आई आणि बँकॉकची सून, दोघींचा हिस्सा तंतोतंत सारखा. कायद्यात ‘विधवा’ एवढंच लिहिलं आहे. ती कुठल्या देशाची, हे लिहिलेलं नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब एक पायरी मागून सुरू होतो, कारण आधी एकत्र कुटुंबातला मुलाचा हिस्सा काढावा लागतो. पण सुनेचा हक्क त्या हिश्शावर तसाच चालतो.

थायलंडमधल्या समाईक मालमत्तेसारखी सोय मात्र इथे नाही. नवऱ्याने लग्नानंतर घेतलेल्या वावरात बायकोचा निम्मा भाग आपोआप नसतो. तो जाईपर्यंत ते त्याचं, आणि तो गेल्यावर ती चार वारसांतली एक. मराठी मुलखाच्या शेजारी गोव्यात हे वेगळं आहे. पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या वारशामुळे तिथे लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर जोडीदार मालमत्तेत निम्म्याचा धनी असतो, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोसे पावलो कुतिन्हो प्रकरणात असंही ठरवलं की गोव्याच्या रहिवाशाची मुंबईतली मालमत्ताही वारशापुरती त्याच संहितेने वाटली जाईल. बँकॉकच्या बाईला हा हिशेब ओळखीचा वाटेल. अल्लीपूरचा नाही वाटणार. मला स्वतःला गोव्याची पद्धत जास्त न्याय्य वाटते. ज्या संसारात एकाने आयुष्य घातलं, त्यात त्याला वारस म्हणून रांगेत उभं करणं बरोबर नाही.

आता त्या चौथ्या कारणाकडे येऊ, म्हणजे लग्नाकडे. सुनेचा सगळा हक्क ‘विधवा’ या एका नात्यावर उभा आहे, आणि विधवा ठरायला लग्न कायदेशीर असावं लागतं. इथे जोडीदाराचा धर्म आणि लग्नाची नोंद कोणत्या कायद्याखाली झाली, या दोन गोष्टी पासपोर्टपेक्षा कितीतरी जास्त वजनाच्या ठरतात.

हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा हे दोन्ही हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहेत. विदर्भाच्या दृष्टीने यात एक मोठी गोष्ट आहे. वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कायद्यात बौद्ध आधीच असल्यामुळे त्या लाखो कुटुंबांच्या वारसाहक्कात एका दिवसाचाही खंड पडला नाही. मुलींना आणि विधवांना पक्का हिस्सा देण्याची ही कल्पना ज्या हिंदू कोड बिलातून आली, त्यासाठी बाबासाहेब कायदामंत्री असताना झगडले होते आणि ते अडकलं म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. बौद्धांना सामावून घेणाऱ्या त्याच व्याख्येचा फायदा आज एका अनपेक्षित ठिकाणी होतो. थायलंडमधले बहुसंख्य लोक बौद्ध आहेत. अल्लीपूरचा हिंदू किंवा बौद्ध मुलगा आणि थाई बौद्ध मुलगी यांचं इथे रीतीने लागलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या चौकटीत बसतं, आणि वारसा हिंदू वारसा कायद्यानेच चालतो.

त्यांनी विशेष विवाह कायदा १९५४ खाली नोंदणी पद्धतीने लग्न केलं तरी फरक पडत नाही. एरवी या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे चालतो. पण १९७६ मध्ये विशेष विवाह कायद्यात कलम २१-अ घातलं गेलं. वर आणि वधू दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर त्यांना पुन्हा हिंदू वारसा कायदाच लागू राहतो.

थाई जोडीदार ख्रिस्ती किंवा दक्षिण थायलंडातला मुसलमान असेल तर चित्र पालटतं. तेव्हा विशेष विवाह कायद्याखालचं लग्न मुलाला एकत्र कुटुंबापासून कायद्याने वेगळं करतं, आणि तो गेल्यावर १९२५ चा कायदा लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश. मुलं असतील तर आईला काहीच नाही. आपल्या उदाहरणातल्या ८० आरपैकी सुनेला सुमारे २७ आर, बाकी मुलांना, आणि अल्लीपुरात बसलेल्या म्हाताऱ्या आईला शून्य. मुलं नसतील तर विधवेला निम्मं आणि उरलेलं निम्मं रक्ताच्या नातलगांना. एकाच वावराचे, एकाच मुलाच्या मृत्यूनंतर, केवळ सुनेच्या धर्मामुळे असे दोन वेगळे हिशेब होतात. मुलाच्या लग्नाच्या वेळी ही गोष्ट आईला कुणीतरी सांगायला हवी, कारण यात तिचाच हिस्सा जातो आणि तिला त्याची कल्पनाही नसते. उपाय सोपा आहे: मुलाने मृत्युपत्रात आईची सोय लिहून ठेवावी.

सगळ्यात धोक्याची वाट तिसरी आहे. जोडीदार ख्रिस्ती, पण घरच्यांच्या समाधानासाठी देवळात सप्तपदी करून लग्न लावलं आणि ‘झालं लग्न’ म्हणून सोडून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गुल्लिपिल्ली सौरिया राज प्रकरणात स्पष्ट केलं की हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होऊच शकत नाही. त्या प्रकरणात लग्नाची नोंदणीही झालेली होती, तरी ते वाचलं नाही. असं लग्न झालेली बाई वीस वर्षं संसार करूनही कायद्याने विधवा ठरत नाही आणि सातबाऱ्यावर तिचं नाव येत नाही.

थायलंडमध्येही हीच गत आहे. तिथे भिक्खूंच्या आशीर्वादाने, गावजेवण घालून लग्न लागतं, पण कायद्याच्या नजरेत लग्न होतं ते जिल्हा कार्यालयात, ज्याला तिथे अम्फो म्हणतात, नोंद झाल्यावर. नोंद नसेल तर नवराबायको एकमेकांचे वारस नाहीत. दोन्ही देशांत जमीन, घर, मुलं असलेल्या जोडप्याचं पहिलं काम म्हणून हेच आहे की लग्नाची नोंद योग्य कायद्याखाली आहे का, ते आजच तपासून घेणं.

आता मुलीकडे वळू. गावात अजून ऐकू येतं की मुलगी परदेशी गेली, परक्याशी लग्न केलं, तिचा हक्क संपला. हे खोटं आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सा दिला, फक्त तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली सुटल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती उणीव भरून काढली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही. मुलगी कुणाशी लग्न करते, कोणत्या देशाचं पारपत्र घेते, याने तिचा हक्क जात नाही. बँकॉकमधल्या बहिणीला फोन करून ‘सही करून पाठव, बाकी आम्ही पाहतो’ असं सांगितलं जातं तेव्हा ती हक्कसोडपत्रावर सही करत असते, आणि नोंदणीकृत हक्कसोड सहसा परत फिरत नाही. तिला सोडायचं असेल तर सोडावं, पण काय सोडतेय ते कळून.

थाई जावयाचं काय? इथे कायदा एक विलक्षण भेद करतो. मुलीला वडिलांकडून आलेले ८० आर आहेत आणि ती मृत्युपत्र न करता गेली. तिला मुलं असतील तर नवरा आणि मुलं बरोबरीने वारस: दोन मुलं असतील तर तिघांना प्रत्येकी सुमारे २७ आर. म्हणजे अल्लीपूरच्या वावरात थाई जावयाचा वाटा येतो. पण तिला मूलबाळ नसेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता नवऱ्याकडे जातच नाही. ती वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे तिच्या आईकडे आणि भावाकडे परत येते. तिने स्वतः कमावलेली मालमत्ता, समजा नागपूरचा फ्लॅट, मात्र नवऱ्याला मिळते. तिचं लग्न ख्रिस्ती जोडीदाराशी विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर पुन्हा १९२५ चा कायदा, आणि मूल नसताना नवऱ्याला वडिलांकडून आलेल्या जमिनीतलाही निम्मा वाटा. एका जावयाला शून्य आणि दुसऱ्याला ४० आर. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्या हाती एकच साधन आहे, मृत्युपत्र.

वारस कोण, हे झालं. आता दुसरा प्रश्न: जमीन ठेवता येते का? भारतात याचं उत्तर परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९, म्हणजे फेमा देतो. त्याच्या कलम ६(५) प्रमाणे भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशात राहणारा माणूस आपल्याकडे ठेवू शकतो. यात शेतजमीन वगळलेली नाही. थायलंडने वारसाला दार उघडून लगेच बाहेर काढलं, भारताने आत बसू दिलं. विकत घेणं मात्र वेगळं. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय (भारताचं परदेशस्थ नागरिकत्व) कार्डधारक घर, फ्लॅट, दुकान घेऊ शकतो, पण शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेऊ शकत नाही, आणि या तिन्ही गोष्टी त्याला बक्षीसपत्रानेही देता येत नाहीत. गावात बरेच जण वारसा आणि खरेदी यांत गल्लत करतात. ‘ओसीआयला शेती चालत नाही’ हे खरेदीपुरतं खरं आहे, वारशापुरतं नाही.

‘ती शेतकरी नाही’ या कारणाचंही तसंच. विदर्भाला कुळवहिवाटीचा १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे आणि तो बिगरशेतकऱ्याला जमीन विकण्या-देण्यावर बंधन घालतो. वारसा हे असं हस्तांतरण नव्हे. तो मृत्यूबरोबर आपोआप होतो. मृत्युपत्राबाबत मात्र सावध राहावं. गुजरातमध्ये लागू असलेल्या मुंबई कुळकायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं की बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने दिलेली शेतजमीनही त्या बंधनात येते. विदर्भाचा कायदा वेगळा असला तरी बंधन त्याच धर्तीचं आहे. म्हणून थाई सुनेला जो वाटा वारसा कायदा तसाही देतो आहे, तो मृत्युपत्रात वेगळा लिहिण्यापेक्षा कायद्यावर सोडणं मला जास्त सुरक्षित वाटतं. घर, बँकेतल्या ठेवी, प्लॉट यांच्यासाठी मृत्युपत्र जरूर करावं. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं समजू नये. नॉमिनी पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा असतो, मालक नव्हे.

सून भारतातच राहत असेल तर फेमाच्या दृष्टीने ती निवासी ठरू शकते, कारण तिथे नागरिकत्वापेक्षा राहणं मोजलं जातं. त्याशिवाय तिला दोन वाटा आहेत. भारतीय नागरिकाशी किंवा ओसीआय कार्डधारकाशी नोंदणीकृत लग्न होऊन सलग २ वर्षं झाली की ती ओसीआय कार्ड मागू शकते. भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून अर्जापूर्वी ७ वर्षं भारतात राहिली असेल तर नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते, पण त्यासाठी थाई नागरिकत्व सोडावं लागेल. मुलांकडे थाई पासपोर्ट असेल तर ती भारतीय नागरिक नसतात, पण ओसीआय होऊ शकतात, आणि आजोबांच्या वावरातला वाटा त्यांना कुणी नाकारू शकत नाही.

वाटा विकायचा असेल तर घेणारा भारतात राहणारा आणि शेतकरी असावा लागतो. सुनेकडे ओसीआय नसेल, ती केवळ परदेशी नागरिक असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीबद्दल आपल्या बँकेकडून आधी लेखी घ्यावं. पैसे बाहेर नेण्यासाठी नियमांत खास तिच्यासारख्यांचाच उल्लेख आहे: भारतात राहणाऱ्या भारतीय नवऱ्याकडून वारसा मिळालेली परदेशस्थ विधवा, किंवा बायकोकडून मिळालेला विधुर, एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेऊ शकतो. अल्लीपूरसारख्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतली, शहरापासून लांबची शेतजमीन प्राप्तिकरात भांडवली मालमत्ता मानली जात नाही, त्यामुळे नफ्यावरच्या कराची भीती बहुधा नसते. वारसा कर तर भारतात १९८५ पासून नाहीच. थायलंडमध्ये तो २०१६ पासून आहे, पण १० कोटी बातच्या वरच्या वारशावर, आणि जोडीदाराला त्यातून सूट आहे.

कागदांचं काम हिंगणघाट तालुक्यात इतर कुठल्याही वारस नोंदीसारखंच होतं. मृत्यूनंतर ३ महिन्यांत पटवाऱ्याला कळवावं. सरकारने आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी असं नाव दिलं आहे. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. मृत्यूचा दाखला, सातबारा, ८-अ, आणि सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. पटवारी गाव नमुना ६-क मध्ये वारस नोंदवतो, फेरफार धरला जातो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वेगळा अर्ज करावा लागतो.

परदेशी वारसाचा अर्ज अडतो तो कायद्यात नाही, कागदात. थाई विवाह नोंद आणि मुलांचे जन्मदाखले थाई लिपीत असतात. त्यांचं अधिकृत भाषांतर आणि प्रमाणीकरण आधी करून ठेवावं. थायलंडमध्ये २००३ च्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर बायकोने नवऱ्याचं आडनाव लावण्याची सक्ती राहिलेली नाही. त्यामुळे सुनेच्या पासपोर्टवरचं आडनाव आणि घराचं आडनाव जुळत नाही, आणि ‘ही त्याची बायको कशावरून’ असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर विवाह नोंद हेच आहे. स्वतः येता येत नसेल तर बँकॉकच्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं. ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

दिराने किंवा आणखी कुणी सुनेचं नाव प्रतिज्ञापत्रातून गाळलं, तर ती हरकत घेऊ शकते. नोंद तक्रारीत जाते, मंडळ अधिकारी सुनावणी घेतो, त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होतं. पण फेरफार म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. फेरफार महसूल कुणाकडून घ्यायचा एवढंच ठरवतो. नाव गाळलं गेलं म्हणून हक्क जात नाही, आणि नाव एकट्याचं लागलं म्हणून जमीन एकट्याची होत नाही. खरा वाद दिवाणी न्यायालयात वाटणीच्या दाव्याने सुटतो.

अज्ञान मुलांच्या वाट्याबद्दल एक गोष्ट विसरू नये. आई नैसर्गिक पालक असली तरी न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलांची जमीन विकू शकत नाही. आपल्या उदाहरणात सुनेचे २० आर ती विकू शकेल, पण मुलांचे ४० आर त्यांच्या अठराव्या वर्षापर्यंत तसेच राहतील. आणि तिचे २० आर विकतानाही हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ आहे. एका वारसाला आपला वाटा विकायचा असेल तर सोबतच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क शेतजमिनीलाही लागू असल्याचं सांगितलं आहे. किमतीवर जमत नसेल तर ती न्यायालय ठरवतं. त्यात एवढा लहान तुकडा बाहेरच्याला विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. त्यामुळे बँकॉकच्या सुनेने विकायचं ठरवलं, तर तिने पहिली नोटीस द्यायची ती अल्लीपूरच्या सासूला.